आधी काळं शोध

रात्रीचे साडेअकरा. घरातले झोपलेत, म्हणून कानाला हेडफोन. दिवसभर लोहगावच्या सुखोईंनी पुण्याचं आकाश दणाणून सोडलं होतं, ती आता उतरलीत. तुमच्या विमानाचा आवाज मात्र तुमच्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेली जॉयस्टिक, डाव्या हाताशी थ्रॉटल, कीबोर्डमागे गार झालेला चहा. डीसीएस नावाच्या सिम्युलेटरमध्ये तुम्ही एफ-ए-१८ हॉर्नेट घेऊन काळ्या समुद्रावरून जॉर्जियाच्या किनाऱ्याकडे निघालाय. पोती या बंदराजवळ रिओनी नदी समुद्राला मिळते. तिच्यावरचा एक पूल पाडायचाय.

ढग खाली उतरलेत. कालपर्यंत तुमची सगळी मर्दुमकी कॅमेऱ्याच्या जिवावर होती: पोटाखालच्या पॉडमधून बघायचं, गाडीचं चाकसुद्धा दिसायचं, बटण दाबायचं. आज त्या कॅमेऱ्यात नुसता पिंजलेला कापूस. मग नाइलाजाने रडार जमिनीकडे वळवता.

स्क्रीनवर जे येतं त्याला चित्र म्हणवत नाही. ओट्यावर रवा सांडावा तसे हिरवे ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. तुम्ही कॅमेऱ्यावर वाढलेले, त्यामुळे त्या रव्यात पुलाचा आकार शोधू लागता. सापडत नाही. मोठं करून बघावं म्हणून ईएक्सपी-१, मग ईएक्सपी-२. आता ठिपके बारीक झाले, पण समोरचा एक चिंचोळा पट्टा कोराच. लक्ष्य नीट दिसावं म्हणून नाक बरोबर त्याच्यावर रोखता, तर तो कोरा पट्टा नेमका लक्ष्यावर येऊन बसतो. डाव्या कानात जोडीदाराचा आवाज: आठ मैल. घाईत सगळ्यात उजळ ठिपक्यावर कर्सर ठेवता आणि बॉम्ब सोडता.

नंतर पुन्हा बघता तेव्हा कळतं, बंदरातली क्रेन होती. पूल शाबूत. एवढ्या अंतरावरून एवढी चूक करायलाही कसब लागतं.

मॅन्युअल उघडू नका. हेडफोन काढून ठेवा आणि डोळे मिटा. खुर्ची आपोआप कठीण होत जाईल.

डोळे उघडता तेव्हा पाय गारठलेत. डोक्यावर पत्र्याचं अर्धगोल छप्पर, कोपऱ्यात कोकची शेगडी, तिची ऊब दोन हातांपलीकडे पोचत नाही. बाहेर पूर्व इंग्लंडमधला चिखल आणि लँकेस्टर विमानांच्या रांगा. १९४४ चा जानेवारी आहे. तुमच्या बाहीवर नेव्हिगेटरची खूण. वय कमी झालंय, गुडघे दुखत नाहीत, एवढीच काय ती चांगली बातमी.

शेडच्या मधोमध पाण्याने भरलेला एक उथळ हौद. आपल्याकडे गोठ्याबाहेर गुरांना पाणी पाजायला असतो तसाच, पण पाणी काचेसारखं नितळ, आणि तळाशी खरोखरच काच. काचेवर काहीतरी चिकटवलंय. हौदावर रूळ, रुळांवर एक गाडा, गाड्यातून खाली लोंबणारा, पाण्यात बुडलेला आणि सावकाश गोल फिरणारा छोटासा स्फटिक. तिथून तारा निघून पडद्याआडच्या एका सेटला जोडलेल्या.

तुम्ही सिम्युलेटरसमोर उभे आहात.

सेट खरा आहे. एच-टू-एस: इंग्रज शास्त्रज्ञांनी माल्व्हर्न गावी घडवलेलं, विमानाच्या पोटातून खालची जमीन चाचपणारं रडार. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ते पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरलं गेलं, आणि चार दिवस पुरे व्हायच्या आत ते बसवलेलं एक विमान हॉलंडमध्ये रॉटरडॅमजवळ पडून गुपित जर्मनांच्या हाती लागलं. पण लष्कराची खरी अडचण वेगळीच होती. यंत्र तयार होतं, ते वाचता येणारी माणसं नव्हती. शिकायला प्रत्येकाला जर्मनीवर पाठवायचं तर शिकून परत येणार किती?

म्हणून हा हौद. यामागची युक्ती अशी साधी आणि सुंदर आहे की ऐकल्यावर आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. पाण्यात आवाज जातो सुमारे दीड किलोमीटर. भागाकार करा: दोन लाख. म्हणजे जर्मनी दोन लाख पटींनी लहान करून पाण्याच्या तळाशी ठेवली आणि रेडिओलहरीच्या जागी कानाला ऐकू न येणारा आवाज सोडला, तर प्रतिध्वनी परत यायला लागणारा वेळ तंतोतंत खऱ्याएवढाच! सेटला फरक कळत नाही. त्याला वेळ मोजता येतो. तो वेळ आकाशातून आला की गुरांच्या हौदातून, याची त्याला फिकीर नाही.

वीस हजार फुटांवरचं विमान म्हणजे नकाशावर तीन सेंटिमीटर उंच धरलेला स्फटिक. ताशी ३२० किलोमीटरने उडायचं तर गाडा तासाला एक मीटर साठ सेंटिमीटर सरकला पाहिजे. गोगलगाईला सुद्धा लाजवेल इतक्या सावकाश. काचेवर समुद्र, नद्या, तळी कोरी सोडलेली. शेतजमिनीच्या जागी बारीक वाळू. शहरांच्या जागी भरड दाणे आणि काचेचे मणी. गुळगुळीत काचेवर तिरका पडलेला आवाज पुढेच निघून जातो, परत येत नाही, म्हणून पाणी काळं. वाळू थोडा परत पाठवते. मणी चारी दिशांना उधळतात, त्यातला पुष्कळ माघारी येतो. खऱ्या शहरातल्या भिंती हेच करतात; जमीन आणि भिंत यांच्या काटकोनात शिरलेली लहर आली तशी परत फिरते.

या शिकवण्याच्या यंत्रांचा विभाग माल्व्हर्नला जेफ्री डमर नावाचा इंजिनिअर सांभाळतो. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पडदा बाजूला सारून आत बसता. अंधार. काचेच्या गोल नळीवर एक रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरतेय आणि मागे उजेडाचे डाग सोडत जातेय. शिकवणारा फ्लाइट लेफ्टनंट मागे उभा. तीस मोहिमा करून आलेला, वय तेवीसच्या आसपास, हात किंचित थरथरतात, म्हणून तो ते खिशात ठेवतो.

“काय दिसतंय?”

“शहर, सर. उजवीकडे, वर. चांगलं उजळ आहे.”

“उजळ सगळंच असतं. काळं काय आहे ते सांग.”

तुम्ही बघता. “मधोमध एक गोल तळं आहे.”

मागून हसू ऐकू येतं. “ते तळं बर्लिनला जा, लाइपझिगला जा, तुझ्याबरोबर येईल. ती तुझी उंची आहे. पहिला प्रतिध्वनी सरळ खालच्या जमिनीचा. तो येईपर्यंत स्क्रीन काळीच राहणार. उंची वाढव, तळं वाढेल. हं, आता खरं काळं शोध.”

शोधता. आधी काहीच नाही. मग उजळ डागाच्या खालच्या कडेला एक काळी रेघ, वळणाची, पश्चिमेला रुंद होत गेलेली. त्या रेघेला जोडून बारीक काळे दात, कंगव्यासारखे.

“नदी. आणि... गोद्या?”

“एल्ब. आणि गोद्या. आता शहर कुठलं ते मला सांगायची गरज नाही.”

इथे थोडं थांबा, कारण तुम्ही जे शिकायला आलात ते नेमकं एवढंच आहे. डोळ्याला उजेड बघायची सवय. आपण कोणालाही पत्ता सांगताना मोठी इमारत, लाल बोर्ड, दिव्यांचं दुकान सांगतो. रडारच्या स्क्रीनवर उजळ वस्तू खोटारड्या. रस्ते लहरींना काटकोनात असतील तर छोटं गाव महानगरासारखं चमकतं. जरा दिशा बदलली की तेच गाव विझतं. पत्र्याचं एक गोदाम अख्ख्या वस्तीला झाकून टाकतं. पाण्याची कड मात्र कुठूनही बघा, जागेवर असते. म्हणून आधी काळं, मग काळ्याची कड, मग कडेपासून मोजत उजळापर्यंत. नकाशावर उगवतीचा कोपरा शोधून मग गावं लावत जाणाऱ्या जुन्या तलाठ्यासारखं.

जर्मनांनाही हे उमगलंय. हॅम्बुर्गमध्ये आतल्या आल्स्टर तळ्यावर त्यांनी लाकडी सांगाडे आणि चटया पसरून खोटे मोहल्ले उभे केले, शेजारी खोटा पूलही बांधला. हा बनाव डोळ्यांसाठी. रडारसाठी बर्लिनच्या तळ्यांवर धातूचे कोन तरंगत ठेवले जातात, काळं पाणी उजळ दिसावं म्हणून. एक नकाशा खोटा करणारे, दुसरे खोट्या नकाशावर शिकणारे.

“तुम्ही हॅम्बुर्गला गेला होतात, सर?”

“जुलैमध्ये.” पुढे तो काही बोलत नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, कारण तुम्ही पुढून आलात. जुलै १९४३ च्या अखेरीस सलग हल्ले, २७ तारखेच्या रात्री आगीचं वादळ, सुमारे ३७,००० माणसं. हौदात हॅम्बुर्ग तळहाताएवढं आहे. आतली आल्स्टर मोहरीच्या दाण्याएवढी.

स्क्रीनवर शहराच्या मधोमध एक डाग अचानक भडकतो आणि विझत नाही. तुम्ही दचकता. पडद्याबाहेरून निळ्या गणवेशातल्या मुलीचा आवाज येतो:

“हॅम्बुर्गवर बुडबुडा बसलाय, सर. काढते.”

रंगाऱ्याच्या मऊ ब्रशने ती तो हळूच पुसते. डाग जातो. गाडा पुढे सरकतो.

आता महिनाभर पुढे. १९ फेब्रुवारी १९४४, रात्र. लाइपझिगकडे निघालेल्या लँकेस्टरच्या पोटात, पडद्याआड तीच रेघ फिरतेय. बाकी काहीच तसं नाही. हौद कधी डोलत नव्हता. इथे पायलटने विमान कलतं केलं की अर्धी स्क्रीन पुसली जाते आणि उरलेली ताणली जाते. ऑक्सिजनच्या मुखवट्यात श्वासाचं पाणी गोठतं. पेन्सिल दोनदा हातातून पडते आणि दोन्ही वेळा ती शोधण्यापेक्षा दुसरी काढणं सोपं वाटतं. डच किनारा आला तेव्हा मात्र सगळं क्षणात सोपं होतं: आयसेलमेर, भलंमोठं काळं, कडा सुरीने कापल्यासारख्या. हौदातलं काळं आणि हे काळं एकच. तुम्ही जागा टिपता, आणि लक्षात येतं की वाऱ्याचा अंदाज सपशेल चुकलाय. ठरल्यापेक्षा तुम्ही पुढे आहात. सगळेच पुढे आहेत. लाइपझिगवर वेळेआधी पोचलेल्यांना अंधारात घिरट्या घालत थांबावं लागणार.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे, शेजारी बसलेल्याला नाही. हौदातला आवाज जायचा आणि यायचा. मध्ये ऐकणारं कोणी नव्हतं. इथे ऐकतात. जर्मन रात्र-लढाऊ विमानांवर नाक्सोस नावाचं यंत्र बसवलंय. ते स्वतः लहर सोडत नाही, फक्त एच-टू-एसची लहर कुठून येतेय ते सांगतं. काळोख्या वाटेवर वाट बघायला कंदील लावावा आणि त्या कंदिलावरूनच दरोडेखोरांनी माग काढावा, तसं. सांगावं का याला? हात स्विचकडे जातो. पण मग लाइपझिग कसं सापडणार? खाली संपूर्ण ढग आहेत, पोतीसारखेच.

त्या रात्री ८२३ विमानं निघाली. ७८ परतली नाहीत. तुमचं परतलं असं धरू. नाहीतर हा लेख इथेच संपेल.

परतीच्या प्रवासात काळ जरा मागे घसरतो. ७ जून १९४२, दुपार. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर वाय नदीच्या काठी, वेल्श बिकनर गावाजवळच्या शेतात एक हॅलिफॅक्स विमान जळतंय. एच-टू-एसची चाचणी घेऊन परतत होतं. इंजिनाने पेट घेतला. आतले अकराही गेले. त्यांतला एक अ‍ॅलन ब्लुमलाइन, वय ३८. दहा वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, या माणसाने दोन कानांना दोन वेगळे आवाज देण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं होतं. पुण्यात तुमच्या टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनमध्ये जोडीदार डावीकडून बोलतो, तो याच्यामुळे. युद्ध चालू असल्याने त्याच्या मृत्यूची बातमीही लगेच छापली गेली नाही. काम थांबलं नाही. तुकडीचा प्रमुख बर्नार्ड लोव्हेल तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा. पुढे जॉड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारणारा तोच.

ऊन. एकदम कडक ऊन. १९५१ चा जून, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना, गुडइयरच्या विमान कारखान्यातलं एक टेबल. कार्ल वायली नावाचा गणितात बुडालेला माणूस बसलाय आणि तुमच्या कोऱ्या पट्ट्याचं उत्तर त्याच्या कागदावर आहे.

रडारचा झोत हा टॉर्चच्या झोतासारखा, लांब जाईल तसा पसरतो. तीन अंशांचा झोत साठ किलोमीटरवर तीन किलोमीटर रुंद होतो. त्यात पूल, गोदाम, क्रेन सगळं एकाच डागात. झोत बारीक करायचा तर अँटेना मोठी हवी, आणि विमानाचं नाक काही वाढवता येत नाही. वायलीला सुचलं की विमान चालतं आहे, याचाच उपयोग करावा. एकाच झोतातल्या दोन जागा, एक जरा डावी, एक जरा उजवी. विमान त्यांच्याकडे किंचित वेगळ्या गतीने सरकत असतं, म्हणून त्यांच्या प्रतिध्वनींचा सूर किंचित वेगळा. लोकल स्टेशनात शिरताना आणि निघताना भोंग्याचा सूर बदलतो तसा. सूर वेगळे काढले की जागा वेगळ्या. ढोबळ डागाची बारीक नक्षी होते. डॉप्लर बीम शार्पनिंग असं त्याने त्याला नाव दिलं. तुमच्या ईएक्सपीच्या मुळाशी हेच आहे.

आता एसटीत बसा. खिडकीतून बाजूची झाडं बघा: जवळपासची दोन झाडंही वेगवेगळ्या चालीने मागे पळतात. मग ड्रायव्हरच्या काचेतून सरळ पुढे बघा. लांबवरची झाडं जागची हलत नाहीत, नुसती मोठी होत जातात, आणि डावं काय, उजवं काय, सगळी सारख्याच वेगाने अंगावर येतात. नाकासमोर सुरांमध्ये फरकच उरत नाही. फरक नाही तर नक्षी नाही. म्हणून तो पट्टा कोरा. तुम्ही लक्ष्यावर नाक रोखून ते आणखी नीट बघायला गेलात आणि रडारला बघताच येणार नाही अशा एकमेव जागी ते नेऊन ठेवलंत. कॅमेऱ्याची सवय, दुसरं काय.

परतताना एक जिना चढा. मे १९५२, वॉशिंग्टन. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांवरची परिषद, अर्धे श्रोते पेंगुळलेले. व्यासपीठावर आपला हौदवाला डमर. युद्धभर नादुरुस्त होणाऱ्या व्हॉल्व्हांशी आणि सुटणाऱ्या तारांशी झुंजलेला हा माणूस निबंधाच्या शेवटाकडे सांगतो की पुढेमागे सगळी उपकरणं तारांशिवाय, एकाच घन ठोकळ्यात बनवता येतील. तो स्वतः ते करून दाखवू शकला नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत जॅक किल्बीने चालतं सर्किट बनवलं आणि नाव त्याचं झालं. पण जाहीरपणे पहिल्यांदा बोलला तो हा. पाण्याच्या हौदात जर्मनी बुडवून पोरांना रडार शिकवणाऱ्याने ज्या ठोकळ्याची कल्पना मांडली, त्याच्या वंशजांवर, टेबलाखाली पंखे फिरवत बसलेल्या त्या पेटीत, तुमचा काळा समुद्र चालतो. मला ही गोष्ट कोणत्याही विमानापेक्षा जास्त आवडते.

खुर्ची मऊ झाली. चहा अजून तसाच, साय धरलेली. पावणेएक.

हेडफोन लावा. मोहीम पुन्हा सुरू करा. ढग तिथेच आहेत. रडार जमिनीकडे, साधा मॅप मोड; लगेच मोठं करायची घाई नको. उजळ ठिपक्यांकडे बघू नका, ते पोती आहे, ते कुठे पळत नाही. डावीकडचा अर्धा भाग काळा, तो समुद्र. काळ्याची कड वरपासून खालपर्यंत सरळ येते आणि एका जागी आत वळते. तीच रिओनी. बारीक आहे, मध्येच तुटते, पुन्हा दिसते. तिच्या मागोमाग आत जा. आता ईएक्सपी-१. कोरा पट्टा नदीवर येऊ लागला की स्टिक हळूच उजवीकडे. आता ईएक्सपी-२. रवा नाहीसा होतो. काळ्या पट्टीवर आडवी, काडीएवढी उजळ रेघ, एका काठापासून दुसऱ्यापर्यंत. तिच्या बाजूला काहीच उजळ नाही, कारण बाजूला फक्त पाणी आहे.

डाव्या कानात: बारा मैल.

कर्सर रेघेवर ठेवा. नाक लक्ष्याच्या वीसेक अंश बाजूलाच राहू द्या, अगदी शेवटी वळा, आणि विमान फार कलतं करू नका. बाकीचं सगळं मॅन्युअलमध्ये आहे.